आपोआप चालणाऱ्या सोंगट्या

बाबांनी आपल्याला माफ केलं, ही एकच गोष्ट तिला स्वस्थ बसू देत नव्हती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते, अबोला धरला असता, तर तिने मागे लागून, गयावया करून त्यांची समजूत काढली असती. लहानपणापासून तिला ते जमत आलं होतं. पण बाबा रागावलेच नाहीत. एक डोळा कायमचा गेलेला, दुसऱ्यातून जेमतेम उजेड-अंधार कळतो, आणि तरी तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "जाऊ दे गं. तुम्हाला तरी कुठे रजा मिळते."

म्हणजे मुलांना सगळं ठाऊक होतं आणि तरी कोणी आलं नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि तशी समजूत असूनही त्यांनी माफ केलं होतं. खरं तर घरात कोणालाच काही ठाऊक नव्हतं. हे त्यांना सांगावं की सांगू नये, एवढाच प्रश्न घेऊन ती भाजी चिरत होती, ऑफिसला जात होती, मुलाच्या डब्यात भलतंच काही भरत होती.

बाबांची अशी समजूत का झाली, हे कळायला बाहेरच्या खोलीतल्या फरशीपर्यंत मागे जावं लागतं.

बाबा बोर्ड रंगवायचे. बेकरीचे, दवाखान्यांचे, सायकलच्या दुकानांचे, शिकवण्यांचे. गल्लीत त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. लहानमोठ्या सगळ्यांचे ते 'पेंटर'. आईसुद्धा चिडली की 'अहो पेंटर' म्हणायची, आणि ती तसं म्हणाली की आज आपलं काही खरं नाही हे बाबा ओळखायचे. बाहेरच्या खोलीत पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले असत. खडूची पूड लावलेला दोरा पत्र्यावर ताणून धरायचा, मधोमध उचलून सोडायचा, की झटकन सरळ रेघ उमटायची. मग डाव्या हातात काठी आडवी धरून, तिच्यावर उजवं मनगट टेकवून बाबा अक्षराला हात घालायचे. त्या वेळी घरात शिंकायचीही चोरी. सगळ्या घराला टर्पेंटाइनचा वास यायचा. शाळेत शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडून म्हणायची, "तुझ्या वेणीला रंगाचा वास येतो." तिला उलट त्याचा अभिमान वाटायचा.

बाबांचे वडील एका गोदामावर पहारेकरी होते. रात्रभर पहारा, दिवसा झोप. त्या काळची मुलं उन्हं उतरली की घराबाहेर पडायची ती हाका मारून घसा बसेपर्यंत परतायची नाहीत. सायकलचं जुनं टायर काठीने पळवायचं, धुळीत खड्डा करून गोट्या खेळायच्या, भांडायचं, गुडघे फोडून घ्यायचे. मुलांच्या खेळात मोठ्यांनी बसायचं असतं हे कोणाच्या गावीही नव्हतं. बाबा ती आठवण एकदाच बोलले होते. एका संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांच्या गोट्या जिंकल्या. दोन्ही खिसे गच्च भरून, चड्डी सावरत ते घरी धावत आले. वडील झोपलेले. उठवायची हिंमत नव्हती, म्हणून उशाशी बसून राहिले. वडील उठले, तोंड धुतलं, चहा घेतला, टोपी घातली आणि कामावर निघून गेले.

"खिसे फाटायची पाळी आली होती गं," बाबा म्हणाले होते, "आणि दाखवायला कोणी नाही."

त्यांचं लग्न झालं, दोन मुलं झाली. आधी दादा, मग ती. आणि एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी बाहेरच्या खोलीतले पत्रे उचलून आत नेले, फरशी घासूनपुसून कोरडी केली, आणि तिच्यावर ऑइलपेंटने खोलीभर सापशिडी काढली. दोन दिवस सगळ्यांनी मागच्या दाराने ये-जा केली. शिड्या पिवळ्या, साप हिरवे, आणि प्रत्येक आकड्याला मागून काळी सावली दिलेली, एखाद्या मोठ्या दुकानाच्या बोर्डाला देतात तशी. शेवटच्या घराजवळचा सगळ्यात लांब साप होता, त्याला चक्क मिशा होत्या.

भाडं न्यायला आलेले घरमालक दारातच थबकले.

"ओ पेंटर, फरशी माझी आहे हो."

"मालक, फरशी तुमचीच. वरचे साप तेवढे माझे."

"आणि या सापाला मिशा कशा?"

"वयात आलाय तो," बाबा गंभीरपणे म्हणाले. आई तोंडाला पदर लावून आत पळाली. घरमालकांनी स्वतःच्या मिशांवरून हात फिरवला, आणि चहाला न थांबता गेले.

सोंगट्या म्हणजे आईच्या डब्यातली बटणं. ती घरी गणवेश शिवायची, त्यामुळे बटणांना तोटा नव्हता. रोज संध्याकाळी ब्रश धुऊन झाले की चौघं चार बाजूंना मांडी घालून बसायची. बाबा मुलांना मुद्दाम जिंकू द्यायचे नाहीत. हरले की सरळ चिडायचे. "फासा कललाय, पुन्हा टाक!" म्हणून दादाशी हमरीतुमरीवर यायचे. आई म्हणायची, "दोन पोरं मी सांभाळते, हे तिसरं कोणाचं?"

या खेळात बाबांनी स्वतःचे दोन नियम घातले होते. सापाने गिळलं, की खाली उतरण्याआधी दिवसभरातली एक खरी गोष्ट सांगायची. मनात ठेवलेली, कोणाला न सांगितलेली. हा पहिला. दुसरा असा, की ती गोष्ट तिथेच राहणार. तिच्यावरून कोणी रागवायचं नाही, खेळ संपल्यावर ती पुन्हा काढायची नाही, बाहेर तर नाहीच नाही. सापाच्या पोटातलं पोटात. कोणाला काही करावंसं वाटलंच तर त्याने गुपचूप करावं, बोलून दाखवू नये.

दादाने एकदा सांगितलं की शेजारच्यांची काच त्याच्या चेंडूने फुटली आणि त्याने नाव दुसऱ्याच मुलाचं घेतलं. आईचा हात उठायच्या बेतात होता. बाबा फक्त म्हणाले, "हं. उतर खाली. फासा कोणाकडे?" दुसऱ्या दिवशी शेजारी जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने काच बसवून दिली. घरात त्यावर अक्षर नाही. तिने एकदा सांगितलं होतं की शाळेच्या रस्त्यावरच्या पडक्या भिंतीवर बसणारी मोठी मुलं तिला रोज अडवतात. बाबा तेव्हाही काही बोलले नाहीत. सकाळी मात्र चप्पल घालून तयार. "त्या बाजूला एका बोर्डाचं काम निघालंय. चल, बरोबरच जाऊ." ते काम पुढे कित्येक दिवस चाललं. तो बोर्ड तिला कधीच दिसला नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही. ते नियमात बसणारं नव्हतं.

त्या घरात प्रेम असं चालायचं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि मग एक दिवस कोणीतरी काही न बोलता दारात उभं राहायचं.

पुढे छापील बोर्ड आले. सकाळी सांगितला की दुपारी तयार, वर फोटोसकट. बाबांचे ब्रश डब्यात उभेच्या उभे वाळले. दादा नोकरीसाठी लांब गेला, ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात आली. मग आई गेली. घर तेच, खोली तीच, माणूस एक.

तिच्या घरी संध्याकाळ वेगळीच असायची. नवरा लॅपटॉपसमोर, ती ऑफिसचे राहिलेले निरोप बघत, आणि मुलगा कानांवर हेडफोन चढवून आपल्या खोलीत. त्याला हाक ऐकू जायची नाही, म्हणून ती त्याला जेवायला बोलावण्यासाठी फोनवर मेसेज करायची. आपण पोराला लाडाने 'ढब्बू' म्हणतो आणि तेही टाइप करून, हे एकदा लक्षात आलं तेव्हा तिला हसू आलं, आणि पाठोपाठ काळजी वाटली. काळजी करणं हा तर तिचा जोडधंदाच होता. पोराची मान वाकेल, डोळे बिघडतील, मित्र राहणार नाहीत. नवरा म्हणायचा, "तुझ्या लहानपणी टीव्ही आला तेव्हा तुझी आई हेच म्हणाली असेल." "आमच्याकडे टीव्ही नव्हता," ती म्हणायची, "साप होते."

म्हणून फोनवरचा लुडो सुरू झाला तेव्हा तिला कोण आनंद झाला. कल्पना ढब्बूचीच. दादाने बाबांना फोन घेऊन दिला, सुट्टीत ढब्बूने त्यात खेळ घालून शिकवून ठेवला. रोज संध्याकाळी चौघांचा डाव. आजोबा, ढब्बू, ती आणि दादाची मुलगी. बोलायचीही सोय होती. पहिले काही दिवस नुसता धुमाकूळ. सापाऐवजी नियम असा बदलला, की ज्याची सोंगटी मारली जाईल त्याने गोष्ट सांगायची. बाबा त्यांच्या रंगवलेल्या बोर्डांच्या गोष्टी सांगायचे. आज फिरायला गेलो तर बेकरीचा बोर्ड उतरवलेला, आज सायकलवाल्याचा. "आजोबा, तुमचा स्कोअर काय झाला?" दादाची मुलगी विचारायची. "गावात अजून थोडे उभे आहेत," बाबा म्हणायचे, "त्यातलाच मी एक."

मग दादाच्या मुलीची परीक्षा आली. बाबांना खोकला होता, त्यांच्या मागे शेजारचा रेडिओ वाजत असायचा. ढब्बूला मित्रांबरोबरचा दुसरा खेळ त्याच वेळी असायचा. एके दिवशी आवाज बंद झाला. तिच्याही ते लक्षात आलं होतं. पोळ्या लाटता लाटता मधूनच बोटाने एक सोंगटी ढकलायची, यात बोलायला सवड तिलाही नव्हतीच. पुढे तर तिचा डावही ढब्बूच सुरू करून द्यायला लागला. पण रोज संध्याकाळी पडद्यावर बाबांच्या लाल सोंगट्या चालताना दिसायच्या, आणि तेवढ्याने तिचा जीव भांड्यात पडायचा. खेळतायत ना, मग ठीक आहेत. आठवड्याचा फोन असायचाच.

"बाबा, बरे आहात ना?"

"बरा आहे."

"काही हवंय का?"

यावर बाबा जरासे थांबायचे. "नाही," म्हणायचे. "तुम्हाला माहीतच आहे सगळं."

हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल. एकदाही तिने विचारलं नाही, काय माहीत आहे?

मग ऑफिसने तिला प्रशिक्षणासाठी नेमकं बाबांच्याच शहरात पाठवलं. न कळवता जाऊन त्यांना चकित करायचं असं तिने ठरवलं. संध्याकाळी ती पोचली तेव्हा शेजारच्या काकू पायरीवर उभ्या होत्या. बाबांचा जेवणाचा डबा त्याच द्यायच्या. एरवी तोंडभर हसणाऱ्या काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आलात का एकदाच्या!" त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

तिला काही कळलं नाही. दार लोटलेलं होतं. आत दिवा नव्हता. अंधुक खोलीत, झिजून फिक्या पडलेल्या सापशिडीच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून बाबा बसले होते. समोर स्टुलावर एका डब्याला टेकवून फोन उभा. ते बोलत होते, म्हणून तिने हाक मारली नाही.

"...तर आज म्हणे चष्मेवाल्याचाही बोर्ड उतरवला. म्हणे म्हणजे, मी काही पाहिला नाही. दूधवाल्याने सांगितलं." फोनमधून सोंगटी मारल्याचा 'टुप्' असा आवाज आला. बाबा हसले. "मारलंस पुन्हा? घे, घे, म्हाताऱ्याला मार. बरं, सांगतो. आज सकाळी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि सगळा प्यायलो. काकूंना कळलं असतं तर त्यांनी गल्लीभर केलं असतं."

ते असं बोलत होते, जणू खोलीत माणसं बसली आहेत.

ती दबकत पुढे झाली. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते. पडद्यावर मात्र लाल सोंगटी उचलली गेली आणि टुकटुक करत चार घरं पुढे गेली. त्यांनी फोनला बोटही लावलं नव्हतं. मग तिने नीट पाहिलं. कोपऱ्यात कर्ण्याचं छोटं चित्र होतं, त्यावर आडवी रेघ. खेळाचे आवाज चालू, माणसांचं बोलणं तेवढं बंद. आणि चारी खेळाडूंच्या फोटोंपाशी यंत्रमानवाच्या डोक्याची एकेक बारीक खूण होती. कोणी आपली पाळी खेळलं नाही की तो खेळ स्वतःच त्याची सोंगटी चालवतो, त्याची ती खूण. बाबांच्या फोटोपाशी होती. ढब्बूच्या, दादाच्या मुलीच्या, आणि तिच्या स्वतःच्याही. डाव रंगात आला होता, आणि त्यात बाबांशिवाय कोणीही नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मान वळवली, पण नजर तिच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी गेली. मग हात पुढे आला, चाचपडत तिच्या गालापर्यंत पोचला.

"आलीस?" ते म्हणाले. "मला ठाऊक होतं, कोणीतरी येणार."

तिने ऑफिसचं काम, प्रशिक्षण, काही सांगितलं नाही. बाबाच बोलत राहिले, आणि त्यांच्या बोलण्यातून एकेक उलगडत गेलं. डोळ्यांत काचबिंदू आहे, ऑपरेशन लवकर केलं तर आहे ती नजर वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. येताना घरचं कोणीतरी माणूस बरोबर आणा, असंही. त्याच संध्याकाळी बाबांची सोंगटी मारली गेली, आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. नियमाप्रमाणे. फोनमधून कोणी उत्तर दिलं नाही. पण नियमाप्रमाणे कोणी द्यायचंही नव्हतं.

"पण आमचा आवाज येत नव्हता ना तुम्हाला? मग आम्ही ऐकतोय असं कसं वाटलं?" तिने कसंबसं विचारलं.

"ढब्बूने सांगितलेलं की. आजोबा, आमच्याकडून बोलणं बंद केलंय, तुम्ही बोला, आम्हाला ऐकू येतं." बाबांनी पडद्याच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे काचेवर रंगाचा एक जाड थेंब वाळलेला होता. डावाचं बोलावणं आलं की कुठे दाबायचं हे समजावं म्हणून त्यांनी तो घातला होता. "आणि मग मला घरंच दिसेनाशी झाली. म्हटलं, बाळा, आता माझ्याही सोंगट्या तूच चालव. तर त्या दिवसापासून चालवतो की बिचारा. एक दिवस चुकला नाही. ऐकत नसता तर चालवल्या असत्या का?"

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर तरुण होते, बोलायला सौम्य. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. उरलेल्यासाठी थेंब दिले. थोडं आधी आला असता तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. बाहेर बाकावर बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तो तेव्हा. रजेचं बोलले तेही तेव्हाच.

तिने त्यांना आपल्या घरी चला म्हणून परोपरीने विनवलं. "या खोलीत मला सगळं दिसतं," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे आलो की मी आंधळा होईन."

परत आल्यावर तिने ढब्बूला समोर बसवलं.

"तू आजोबांना सांगितलंस, आम्हाला ऐकू येतं म्हणून?"

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून, आई."

"आणि आवाज बंद केलास."

"सगळ्यांनीच केला होता. तूसुद्धा." तो खालमानेने नखं खात होता. "ते तेच तेच सांगायचे. बोर्ड, बोर्ड, बोर्ड. मला काय माहीत ते मध्येच असं काही सांगतील." मग आवाज फुटला. "आई, त्यांचे डोळे माझ्यामुळे गेले का?"

तिने त्याला जवळ ओढलं. मोठा झाल्यापासून तो जवळ येऊ द्यायचा नाही, आज आला. "नाही रे राजा," ती म्हणाली, आणि त्याचा नखं खाणारा हात आपल्या हातात धरून ठेवला.

दादाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस." नवऱ्याचंही तेच. "रोज आपलं कोणीतरी ऐकतंय, या एका गोष्टीवर त्यांनी एवढे दिवस काढले. तीच काढून घेणार? आवाज सुरू केलाय ना आता? मग झालं."

आवाज सुरू केला होता खरा. आता चौघंही खरोखर खेळत होती. ढब्बू बाबांच्या सोंगट्या स्वतःच्या हाताने चालवायचा, आपला खेळ सोडून बसायचा. "आजोबा, तुम्हाला पाच पडलेत, कुठली चालवू?" बाबा खुलायचे. नवऱ्याचं म्हणणं तिला पटतही होतं. हातात काही नसलेल्या माणसाच्या हातून उरलंसुरलं कशाला काढायचं? पण बाबा हसले की तिला त्या बाकावरचा हात आठवायचा. मुलांना सगळं माहीत होतं आणि ती आली नाहीत, हे मनात ठेवून हा माणूस हसतोय. हे आपण त्याच्या मनात तसंच राहू देणार, तो असेपर्यंत.

त्या दिवशी संध्याकाळी डाव चालू होता. ढब्बू जेवणाच्या टेबलाशी, फोन मध्ये, ती शेजारी कपड्यांच्या घड्या घालत. बाबांची लाल सोंगटी दादाच्या मुलीने मारली.

"आजोबा, सॉरी!"

"सॉरी कसलं, खेळ आहे. बरं, सांगतो." पलीकडे ते जरा खोकले. "आज मी खोटं बोललो."

"कोणाशी?" ढब्बूने विचारलं.

"काकूंशी. अरे, त्या सारखं तुझ्या आईला आणि मामाला नावं ठेवतात. आज डबा द्यायला आल्या आणि सुरूच झाल्या. कसली हो मुलं तुमची, बाप आंधळा होईपर्यंत फिरकली नाहीत. मला ऐकवेना. मी म्हटलं, काकू, त्यांचा काही दोष नाही, मी त्यांना कळवलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, तेव्हा तर तुम्हीच म्हणालात, मुलांना सांगितलंय, येतील. मी म्हटलं, तेव्हा खोटं बोललो होतो." बाबा हसायला गेले, पण ते हसू काही पुरं झालं नाही. "आता माझ्यावरच फुगल्यात. लबाड म्हणाल्या मला. एवढी वर्षं शेजार, आणि जाताना बोलल्याही नाहीत. असू दे. दोन दिवसांनी बोलतील. पण या वयात खोटं बोलायची सवय नाही ना, दिवसभर घास उतरला नाही. म्हणून सांगितलं. चला, फासा कोणाकडे?"

दादाच्या मुलीने मुकाट्याने फासा टाकला. ढब्बू आईकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते.

तिच्या हातातला टॉवेल अर्धी घडी होऊन तसाच राहिला. आपल्याला वाचवायला बाबा जे खोटं समजून बोलले, ते मुळात खरंच होतं. त्यांनी कळवलेलं मुलांपर्यंत पोचलंच नव्हतं. आणि ते खरं बोलल्याबद्दल एक म्हातारा माणूस अंधाऱ्या खोलीत उपाशी बसला होता, लबाड म्हणवून घेऊन. ही त्यांची समजूत होती आणि तिच्यात ते सुखी होते, असं म्हणून चालणार नव्हतं.

सांगितलं तर काय होईल, हेही तिला दिसत होतं. एवढे दिवस रोज संध्याकाळी खुर्ची टाकून ते ज्यांच्याशी बोलले, तिथे कोणीच नव्हतं, हे त्यांना कळेल. चहातलं मीठ, चष्मेवाल्याचा बोर्ड, डोळ्याची गोष्ट, सगळं त्यांनी भिंतीला सांगितलं होतं. कदाचित ते पुन्हा कधी काही सांगणार नाहीत. कदाचित खुर्चीच टाकणार नाहीत. बेअक्कल पोरांनो, म्हणतील. म्हणोत. निदान त्या शिव्या खऱ्या गोष्टीसाठी असतील.

आणि खेळातलं खेळाबाहेर काढायचं नाही, हा नियम तिने उभ्या जन्मात मोडला नव्हता.

"ढब्बू, डाव बंद कर," ती म्हणाली.

"अर्धा झालाय, आई."

"असू दे. आजोबांना सांग, आई फोन करतेय. साधा फोन. म्हणावं, उचला."

ढब्बूने आजोबांना तसं सांगून डाव बंद केला.

"तू सांगणार आहेस? मामा आणि माझे बाबा तर नको म्हणाले होते."

"हो."

"मग माझंही सांग," तो म्हणाला. "मी खोटं बोललो होतो, ते. नाहीतर मीच सांगू?"

तिने टॉवेल बाजूला ठेवला, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, आणि बाबांचा नंबर काढला.